गाडीचं दावं

न्हाय सांगायचं म्हणलं तरी सोडत न्हाईत लोकं! टपरीवर चहाला बसलं की कुणीतरी कोपर मारतंय, "आण्णा, त्ये गाडीचं सांगा की." देवळात गेलं की पुजारी अंगारा हातावर ठिवता ठिवता हसतंय. परवा तर न्हाव्यानं निम्मी दाढी करून वस्तरा थांबवला. म्हणला, "आधी सांगा, मग दुसरा गाल." आता अर्ध्या दाढीचा माणूस पळून पळून कुठं जाणार?

म्हणून एकदाचं लिहूनच काढतो. माझी शाळा चौथीत सुटली. अक्षर असं हाय की बघून बैल बुजावं. पण इथून पुढं कुणी इचारलं की कागद हातात दिऊन म्या मोकळा. वाचा अन् हसा. चहा तेवढा ज्याचा त्यानं घ्या.

तर ऐका.

म्या जनावरातला माणूस. सारा जल्म बैलाच्या बाजारात गेला. बैल लांबून चालत आला तरी त्याचं वय, त्याची खोड अन् त्याच्या मालकाचा सोभाव सांगत होतो. मोटारीतलं मला काही कळत न्हाय, अन् कळावं असं कधी वाटलंबी न्हाय. पण घरात मोटार आली ती आमच्या म्हातारीपायी, म्हंजी माझ्या बायकूपायी.

म्हातारीच्या पाठीचं आपरेशन झालं. डॉक्टरनं सांगितलं, हिसका बसता कामा न्हाय. आता आपल्या रस्त्यावर हिसका न बसता कुठं जायचं? यष्टी बंद, जीप बंद, रिक्षा बंद. बाई घरात बसली. तिला जायचं तरी कुठं होतं म्हणा! एकच ठिकाण, येरमाळा. तिथं तिची थोरली बहीण राहती, आक्का. आईमाघारी हिला त्या आक्कानंच वाढवलेली. दोघींची भेट न्हाय, नुसता फोन. अन् फोनवर दोघीबी एकाच टायमाला बोलत्यात, ऐकत कुणीच न्हाय.

मग एक दिवस जेवताना म्हातारी म्हणली, "आक्काला पुण्याला नेलालेत. विलास येतोय न्यायला. कायमचंच."

विलास म्हंजी आक्काचा पोरगा, पुण्यात नोकरीला. म्हातारी एवढंच बोलली अन् भाकरीचा तुकडा मोडत बसली. खाल्ला न्हाय. नुसता मोडत बसली.

त्ये आमच्या दत्तानं बघितलं. दत्ता माझा पोरगा. धाराशिवात त्याचं पाईप-मोटारीचं दुकान हाय. बोलायला कमी, पण डोक्यात घेतलं की घेतलं. आठवडा गेला न्हाय तर म्हणतोय, "आण्णा, गाडी बघितलीय. जुनी हाय, पण लई भारी. उंच हाय, आत चामड्याच्या खुर्च्या. आईला पाणीबी हालल्यालं कळायचं न्हाय."

म्या लगीच भडकलो. "कशाला त्ये हत्तीचं लचांड? पोती बसतील का त्यात चार?"

"पोत्यासाठी न्हाय वो. आईसाठी."

पण गप बसलो तर म्या कसला? म्हणलं, "घ्यायची तर घे, पण पारख म्या करणार."

गाडी होती धाराशिवच्या एका डॉक्टरची. शिवलिंग डॉक्टर. दातांचा डॉक्टर. म्हणलं झ्याक! म्हंजी आमच्याच धंद्यातला, दिवसभर दात बघायचं! त्याची नवी गाडी यायला उशीर झाला, म्हणून आमच्या पदरात ही गाडी पडली ती नेमकी आक्का जायच्या दिवशी सकाळी. दुपारी विलास आक्काला घिऊन पुण्याला निघणार. त्याच्या आत आमी येरमाळ्याला पोचायचं. चुकलं तर मग कुणाची भेट अन् कसली भेट? दोघीबी पिकलेल्या.

म्हातारीला रिक्षात गादीवर गादी टाकून, बैलगाडीच्या चालीनं, डॉक्टरच्या दारापर्यंत आणली. आमचं गाव धाराशिवला खेटूनच हाय म्हणून जमलं.

गाडी अंगणात उभी. काळी कुळकुळीत, आंघोळ घालून हार घातलेली. म्या एक फेरा मारला. खूर बघितलं, म्हंजी चाकं वो. पाठीवर हात फिरवला. मग म्हणलं, "तोंड उघडा."

डॉक्टर म्हणला, "काय?"

"तोंड. म्होरलं."

त्यानं बॉनेट उघडलं. आत बघतोय तर सगळ्यावर काळं झाकण. म्हणलं, "डॉक्टर, ह्याला मुसकं का बांधलंय? चावतंय का?"

दत्तानं तिकडं तोंड फिरवलं. माझ्यासंगं बाहेर आला की त्याला तिकडंच बघायची सवय हाय.

"खोड काय हाय?" म्या इचारलं.

"खोड नाही हो काका. सर्व्हिसिंग सगळं वेळच्या वेळी."

"मारकी?"

"नाही."

"बसकी?"

"बसकी म्हणजे?"

"भर नांगरटीत फतकल मारून बसणारी."

"छे छे! अशी मधेच कधी बसली नाही." मग त्यानं गाडीच्या मागं जाऊन खाली नुसता पाय हलवला, तर मागलं दार आपोआप वर! म्या दोन पावलं मागं झालो. शेपूट अशी अचानक उचलली की पुढं काय होतंय त्ये मला ठावं हाय!

मग म्हातारीला आत बसवलं. दत्तानं खुर्ची जरा मागं केली. म्हातारीनं डोळं मिटलं.

"दुखतंय का गं?"

"न्हाय वो," ती म्हणली. "दुखत न्हाय म्हणून मिटलं."

खरं सांगतो, तिथंच माझी सगळी कुरकुर संपली. पोराला काही बोललो न्हाय, पण मनात म्हणलं, लेका, जितं ऱ्हा.

आता खरी गोष्ट. नीट ध्यान दिऊन वाचा, म्हंजी माझी चूक किती शाणपणानं झाली त्ये कळंल.

डॉक्टर म्हणला, "काका, ह्या गाडीची गंमत बघा. हिला चावी लावायला भोकच नाही. नुसतं बटण दाबायचं." त्यानं बटण दाबलं. गाडी चालू. म्हातारीला गार वारा लागावा म्हणून चालूच ठिवली. मग त्यानं दोन काळ्या चाव्या ताटलीत ठिवल्या, हळद-कुंकू लावलं अन् माझ्या हातात दिल्या. फोटो काढला. चाव्या कसल्या? नुसत्या काळ्या गोट्या. न दात, न दांडी. दातच न्हाईत त्या चावीला कोण चावी म्हणंल?

दत्ता अन् डॉक्टर कागदावर सह्या करायला आत गेले. अंगणात म्या, अन् ओसरीत बाजेवर डॉक्टरचे वडील, मन्मथआप्पा. पांढरं धोतर, कपाळाला भस्म, माझ्याच वयाचे. आमच्या दोघांची नजरानजर झाली.

आता आपल्यात रीत काय हाय? जनावर विकलं तरी दावं विकत नसत्यात. दावं मालकाच्या गोठ्यातच ऱ्हातं. त्याच्या दावणीची लक्ष्मी त्या दाव्यात असती. घेणाऱ्यानं आपलं नवं दावं न्यायचं, त्येच गळ्यात बांधायचं अन् जुनं सोडून मालकाच्या हातात द्यायचं. म्या सारा जल्म ही रीत पाळली. कुणाचं दावं कधी ठिवून घेतलं न्हाय.

म्हणून घरनंच नवंकोरं, लाल गोंड्याचं दावं आणलं होतं! त्ये गाडीच्या आत, दारावरच्या मुठीला बांधलं. मग हातातल्या काळ्या गोट्यांकडं बघितलं. गाडी तर बटणावर चालती. मग ह्या कशाला? इचार केला अन् डोस्क्यात लख्ख उजेड पडला. हेच दावं!

दोन्ही चाव्या कपाळाला लावल्या अन् मन्मथआप्पाच्या वंजळीत ठिवल्या. "आप्पा, तुमचं दावं तुमच्या दारात."

आप्पाचं डोळं भरून आलं. "पाव्हणं, लई दिसानं रीत पाळणारा माणूस भेटला. आमच्या पोराला ह्यातलं काय कळतंय?"

त्यांनी चाव्या कनवटीला खोचल्या. म्या छाती फुगवून गाडीत बसलो. आलं का ध्यानात?

गाडी निघाली. काय गाडी वो! खड्डा दिसायचा, पण लागायचा न्हाय. म्हातारी काचेतनं बाहेर बघत होती. बोरी, बाभळी, यष्टी स्टँड, सगळं असं बघत होती की जणू कुणी नवीन आणून ठिवलंय.

तेवढ्यात गाडी ओरडली. टुंग! टुंग! टुंग! समोरच्या काचेवर लाल काहीतरी लिवून आलं.

दत्ता म्हणला, "आण्णा, चाव्या कुठं हाईत?"

"जिथं असायच्या तिथं हाईत," म्या म्हणलं. खोटं होतं का? न्हाय!

"पानाच्या डब्यात ठिवल्या काय? पत्र्याच्या डब्यातनं रेंज येत नसती, म्हणून वरडायलीय."

माझ्या तोंडात पान. पान असं रंगलेलं की तोंड उघडलं तर चामड्याच्या खुर्चीचा सत्यानाश. म्या नुसतं "हूं" केलं.

त्या "हूं"नं घात केला.

येडशी मागं पडली. रामलिंगचा फाटा आला, अन् मला आडोशाला जायची घाई झाली. ह्या वयात बैल थांबतोय, माणूस थांबत न्हाय. म्हणलं, "दत्ता, घे बाजूला."

झाडाखाली गाडी घेतली. उतरताना दत्ता गाडी चालूच ठिवत होता. चालूच ठिवत होता वो! अन् कोण म्हणलं, "बंद कर की, उगं कशाला जाळतो?" म्या म्हणलं. दुसरं कोण म्हणणार?

त्यानं बटण दाबलं. गाडी गप झाली.

माघारी येऊन बसलो. दत्तानं बटण दाबलं. काही न्हाय. परत दाबलं. पुन्हा लाल लिवून आलं. दत्तानं त्ये वाचलं अन् म्हणला, "आण्णा, डबा काढा."

म्या डबा काढला. त्यानं उघडला. पानं, चुना, कात, सुपारी. त्यानं पानं उचलून खाली बघितलं. चुन्याची डबी हलवून बघितली.

"आण्णा, चावी?"

"दिली की."

"दिली? कुणाला?"

"मालकाला."

"मालक आपण हाव, आण्णा!"

"पयल्या मालकाला. आप्पाला. दावं परत दिलं."

"कसलं दावं?"

"गाडीचं."

पोरगं एरवी आवाज चढवत न्हाय. पण त्या दिवशी असं ओरडलं की फाट्यावरची माकडं झाडावर चढली. "दोन्ही दिल्या?"

"एक कशी देणार? रीत म्हंजी रीत."

दत्ता खाली उतरला अन् चाकाला टेकून मातीत बसला. मागनं म्हातारीचा आवाज आला. बारीकसा. "म्हंजी आक्काकडं जायचं न्हाय का आता?"

ह्यावर शिव्या बऱ्या होत्या. म्या तोंडातलं पान थुंकलं. ग्वाड लागंना.

मग सुरू झाली धावपळ. फाट्यावरचा चहावाला आला, दोन फटफटीवाले थांबले. सगळ्यांनी मिळून ढकलली. हाललीबी न्हाय. दत्ता म्हणला, "आटोमॅटिक हाय, चाकं बांधली गेल्यात तिची." फटफटीवाल्यानं दारावरचं लाल दावं बघितलं अन् म्हणला, "ह्यानं वढायची का?" त्याला असं वाटलं की आमी वढायसाठीच संगं आणलंय! तेवढ्यात एक माकड बॉनेटवर चढून हारातली झेंडूची फुलं खायला लागलं. म्या हाड म्हणलं तर माझ्याकडं बघून दात इचकलं. दात मात्र चांगलं होतं त्याचं. जवान होतं.

दत्तानं डॉक्टरला फोन लावला अन् कुठं अडकलोय त्ये सांगितलं. डॉक्टरचा हात कुणाच्या तरी तोंडात. मागं त्यो माणूस आ आ करत होता.

"दोन्ही चाव्या? बाबांना?" डॉक्टर म्हणला. "बाबांना विचारतो. पण काका, त्यांनी एकदा देव्हाऱ्यात ठेवलं की..."

थोड्या टायमानं आप्पाचाच फोन आला. दत्तानं म्हणलं, "तुमीच बोला."

"कोण, पाव्हणं का?" आप्पा खुशीत. "पोचलाव का? चाललं का जनावर चांगलं?"

"बसलंय, आप्पा."

"आँ? बसकं निघालं?"

"न्हाय. त्ये... दावं पायजे होतं."

मग म्हणले, "कसलं दावं?"

"त्येच. सकाळचं. काळं."

"पाव्हणं! तुमीच दिलं, तुमीच रीत सांगितली. आता दिवा लावून देव्हाऱ्यात ठिवलंय तर परत मागलाव? माझ्या दारची लक्ष्मी नेताव व्हय?"

"आप्पा, गाडी चालंना त्याच्याबिगर."

"मग दिलं कशाला?"

माणूस माझीच रीत मलाच सांगत होता. अन् खोटं कशाला बोलू, त्याच्या जागी म्या असतो तर म्याबी दिलं नसतं!

तवर म्हातारीनं आपला फोन काढून आक्काला लावला होता. दोघीबी एका टायमाला बोलत होत्या, पण काम झालं. विलासची गाडी भरून तयार होती. त्यो बार्शीकडनं सरळ जाणार होता. आक्कानं त्याला सांगितलं, "येडशीकडनं घी." त्यो म्हणला, "आई, लांब पडंल." आक्का म्हणली, "मग मला उतरीव, म्या चालत जाती." झालं!

आक्काची गाडी आली. बारकी गाडी, आत गादी, कळशी, पाट्याचा वरवंटा अन् मधी आक्का. विलासनं तिला धरून आणली अन् आमच्या गाडीत, म्हातारीच्या शेजारी बसवली. चारी दारं उघडी, झाडाचा गार वारा, वर काचेचं छप्पर. दोघी एकमेकीच्या तोंडावरनं हात फिरवायला लागल्या. मग आक्कानं डोळं पुसलं अन् इचारलं, "बाय माझे, एवढी देखणी गाडी. बंद कशी गं पडली?"

अन् आमची म्हातारी काय म्हणली?

"गाडी न्हाय गं आक्का. गाडी चांगली हाय. मालक बंद पडलाय."

दोघी हासल्या! अशा हासल्या की फटफटीवाले हासले, चहावाला हासला, विलास हासला. माझा दत्ता, मातीत बसलेला, त्योबी हासला. म्हातारी एका हातानं पाठीचा पट्टा धरून हासत होती. आपरेशन झाल्यापासनं बाई हासली नव्हती. म्या रागावलो. रागावलो, पण तिकडंच बघत ऱ्हायलो.

विलास घड्याळ बघून म्हणला, "आई, निघूया आता?"

आक्का म्हणली, "बहिणीला रानात टाकून जाऊ? गाडी चालू झाल्याबिगर म्या हलत न्हाय."

विलासनं गाडीची चावी खिशात घातली.

तेवढ्यात रिक्षा येऊन थांबली. आतनं मन्मथआप्पा उतरले. काठी टेकत आले अन् लांबूनच म्हणले, "पाव्हणं, दावं देणार न्हाय म्हंजी न्हाय! दावं माझ्या कनवटीला ऱ्हाईल अन् म्या गाडीत बसंन. कुठं जायचंय तिथं चला."

अन् काय सांगू, आप्पा चार पावलं जवळ आले तर गाडीनं टप्पकन दिवं उघडलं! कान पसरावं तसं दोन्ही आरसं बाहेर काढलं! माझ्यासाठी पापणीबी हलवली नव्हती अन् ह्यांना बघून अशी.

"जनावर मालक वळखतंय," आप्पा म्हणले अन् गाडीच्या कपाळावर हात ठिवला. माझी जी जळाली म्हणता!

दत्ता उडी मारून बटणाकडं निघाला. तेवढ्यात माझं मागल्या खुर्चीकडं ध्यान गेलं. आक्कानं म्हातारीचं केस सोडलं होतं अन् येणी घालत होती. सत्तरीची येणी, उंदराच्या शेपटीएवढी. म्हातारीनं मान हलू न देता माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं. एवढा संसार केलाय, एवढं तर कळतंय मला.

म्या दत्ताचा हात धरला. "थांब."

"आता काय, आण्णा?"

"पाव्हणं आलेत. चहा न्हाय, पाणी न्हाय, अन् तू बटण दाबतोस? रीत हाय का न्हाय घरात?"

"आण्णा!" दत्ता दात खाऊन म्हणला. पण आप्पा खुश झाले. "बरोबर हाय पाव्हण्याचं!" म्हणून झाडाखाली बसलेबी.

मग चहा आला. म्या मुद्दाम वाद काढला. दावं म्हंजी काय, कासरा म्हंजी काय, कोणतं कुणी ठिवायचं, कोणतं कुणी न्यायचं. येणी पुरी व्हईस्तवर वाद संपू द्यायचा न्हाय असं मनाशी ठरवलं होतं. आप्पाबी कच्च्या गुरूचे चेले न्हाईत. दुसरा चहा आला. विलासनंबी घेतला. मागनं दोघींचा आवाज येत होता. आता मात्र एक बोलत होती अन् एक ऐकत होती.

"बघा पाव्हणं," आप्पा काठीनं मातीत बैलाचं तोंड काढत म्हणले, "दावं कुठं असतंय? गळ्यात. सोडलं तर बैल मरतोय का?"

"न्हाय."

"चालायचं थांबतोय का?"

"न्हाय."

"मग गाडी का थांबली?"

म्या मातीतल्या बैलाकडं बघितलं.

आप्पांनी काठी बैलाच्या नाकावर ठिवली. "अवो, ही दावं न्हवं. ही वेसण हाय, वेसण! वेसणीबिगर जनावर चालतंय का? अन् वेसण कधी कुणी काढून घेतंय का? ती तर नाकातच ऱ्हाती, जनावरासंगं जाती. दावं ऱ्हातं मालकाकडं, वेसण जाती घेणाऱ्याकडं!"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. जल्मभर बैल हाताळले, अन् दावं कोणतं अन् वेसण कोणती त्ये मला एका दातांच्या डॉक्टरच्या बापानं भर रस्त्यात शिकवलं. अन् बरोबर शिकवलं, हे जास्त लागलं!

आप्पांनी दोन्ही चाव्या माझ्या हातात दिल्या. "घ्या तुमची वेसण. पण मला दावं लागंल." म्या गुमान उठलो, दारावरचं लाल गोंड्याचं नवंकोरं दावं सोडलं अन् त्यांच्या हातात दिलं. आता त्ये त्यांच्या देव्हाऱ्यात टांगलंय. बैल न्हाय, गोठा न्हाय, डॉक्टरचं घर अन् देवापुढं लाल गोंड्याचं दावं!

येणी झाली. आक्का उतरली. दोघी रडल्या, पण पोटभर बोलून रडल्या. येरमाळ्याला वेळेत पोचलो असतो तर काय झालं असतं? दारात भरलेली गाडी, विलासचं घड्याळ, शेजारपाजार, अन् "बरं हाय, येती" म्हणून मोकळं. फाट्यावर मात्र अख्खी दुपार मिळाली. जाताना आक्कानं माझ्या डोक्यावर हात ठिवला. म्हणली, "दाजी, बरं झालं येडेपणा केलाव."

तवापासनं म्या सगळ्यांचं मनातनं भलं चिंतितो. दत्ताचं, ज्यानं पोत्यासाठी न्हाय, आईसाठी गाडी घेतली. डॉक्टरचं, ज्यानं गाडी पोटच्या पोरीवाणी सांभाळली होती. चहावाल्याचं, ज्यानं कुणाचाच पैसा घेतला न्हाय. मन्मथआप्पाचं तर दर सोमवारी. आता गाडी घिऊन त्यांच्याकडं जातो, आमी दोघं वाद घालतो. गाडी अजून त्यांनाच बघून दिवं उघडती असं त्ये म्हणत्यात. खोटं हाय. चावी माझ्याजवळ असती.

दत्ता रस्त्यात माझ्यावर ओरडला होता. त्यानं घरी येऊन पाय धरलं. डॉक्टरनं फोन करून "सॉरी काका, चावीचं नीट सांगायला हवं होतं" म्हणलं. विलासनं पुण्याहून निरोप धाडला की उगं घाई केली. माकडाचं म्या सोडून दिलं.

पण एक माणूस अजून बाकी हाय. फाट्यावर ती एक वाक्य बोलली, अन् सगळ्या गावानं उचललं. दुपारी जरा लवंडलो अन् कुणी दारात आलं, की आतनं आवाज येतो, "मागनं या, मालक बंद हाईत." हाक मारून वो दिली न्हाय, की म्हणती, "बघा रं, वेसण घातलीय का न्हाय." येणारा हासतो, जाणारा हासतो, अन् ती पाठीचा पट्टा धरून सगळ्यात जास्त हासती.

हासू दे. त्ये ऐकायलाच तर गाडी आणली. पण माफी ती माफी! लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच तिचं नाव, पुन्हा कधी घेतलं न्हाय. आज लेखी घेतो, म्हंजी नंतर न्हाय म्हणायला नको. माझी माफी मागायची ऱ्हायलीय ती सोजरबाईनं.